राक्षसांची नोंदवही

१९३१ साली अमेरिकेत ‘फ्रँकेन्स्टाइन’ नावाचा बोलपट आला. सुरुवातीला पडद्यावर नटांची नावे येतात, तशी त्यातही आली. पण ‘राक्षस’ या भूमिकेपुढे नाव नव्हते. तिथे फक्त एक प्रश्नचिन्ह होते. प्रेक्षकांची उत्सुकता ताणून धरण्याची ती युक्ती होती. चित्रपट संपताना बोरिस कार्लोफ हे नाव पडद्यावर आले आणि पुढे जगभर गेले. मात्र चपट्या माथ्याचा, जड पापण्यांचा तो चेहरा कार्लोफच्या चेहऱ्यावर रोज कित्येक तास खपून ज्याने उभा केला, त्या जॅक पिअर्स या रंगभूषाकाराचे काय झाले? पुढे स्टुडिओने त्याला निरोप दिला. १९६८ साली तो वारला, तेव्हा त्याची आठवण असणारी माणसे थोडीच उरली होती.

श्रोतेहो, या थोड्या माणसांविषयी मला आज बोलायचे आहे. कारण त्यांनी एक काम केले. त्यांनी पिअर्सचे नाव लिहून ठेवले. कोणा विद्यापीठाने नव्हे, कोणा सरकारी खात्याने नव्हे, तर राक्षसांच्या चित्रपटांचे वेड असलेल्या पोरासोरांसाठी निघणाऱ्या एका नियतकालिकाने हे काम केले.

त्या नियतकालिकाचे नाव ‘फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड’. १९५७ साली अमेरिकेत एका कंपनीने जुन्या भयपटांचा बावन्न चित्रपटांचा एक गठ्ठा दूरचित्रवाणी केंद्रांना दिला. आईबापांनी तरुणपणी चित्रपटगृहात पाहिलेले राक्षस आता रात्री उशिरा घरातल्या पेटीत दिसू लागले आणि मुले वेडी झाली. जेम्स वॉरन नावाच्या तरुण प्रकाशकाने ही हवा ओळखली. फॉरेस्ट अ‍ॅकरमन या लॉस एंजेलिसमधल्या संग्राहकाला त्याने गाठले. अ‍ॅकरमनने लहानपणापासून चित्रपटांची छायाचित्रे, जाहिराती, मुखवटे, पुस्तके असे जे हाताला लागेल ते जपून ठेवले होते. १९५८ साली दोघांनी एकच अंक काढायचे ठरवले. तो हातोहात खपला. मग दुसरा निघाला, तिसरा निघाला आणि हा एकच अंक काढण्याचा बेत पंचवीस वर्षे चालला. १९८३ साली मूळ नियतकालिक बंद पडले, तेव्हा त्याचे एकशे नव्वदच्या आसपास अंक झाले होते.

मी कॉलेजसाठी रोह्याहून मुंबईला गेलो, तेव्हा फोर्टातल्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला त्याचा एक अंक मिळाला. मुखपृष्ठ अर्धे फाटलेले होते. आतली भाषा पोरकट म्हणावी अशी. पानोपानी कोट्या आणि शाब्दिक खेळ. शेवटच्या पानांवर रबरी मुखवट्यांच्या आणि गमतीच्या वस्तूंच्या जाहिराती, टपालाने मागवा म्हणणाऱ्या. पण वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. प्रत्येक राक्षसाच्या चित्राखाली माणसांची नावे होती. रंगभूषा कोणाची, पुतळा कोणी केला, कातड्याच्या आत कोण होते. जपानच्या १९५४ सालच्या ‘गोझिला’मध्ये त्या अवजड पोशाखात शिरून गर्मीने घामाघूम होत चालणारा हारुओ नाकाजिमा असो की ‘किंग काँग’चा पुतळा बोटांनी तसूतसूने हलवून त्याला पडद्यावर जिवंत करणारा विलिस ओब्रायन असो, या माणसांना नाव मिळाले ते अशा चाहत्यांच्या कागदांवर. पडद्यावरच्या प्रश्नचिन्हाला या वेड्या मंडळींनी उत्तर दिले.

आता कोणी म्हणेल, याचा आणि पेण-रोह्याचा काय संबंध? संबंध आहे. तो सांगण्याआधी एक गंमत सांगतो. बोरिस कार्लोफचे खरे आडनाव प्रॅट. त्याचे वडील इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानात मिठाच्या महसूल खात्यात नोकरीला होते. आमच्या पेण तालुक्यातल्या खाडीकाठच्या मिठागरांवरून जाताना मला हे आठवते आणि हसू येते. जगातला सर्वांत प्रसिद्ध राक्षस हा एका अर्थी मिठाच्या पगारावर वाढला.

पण खरा संबंध वेगळा आहे. माझे बालपण रोह्याला गेले आणि आजोळ पेणला. पेण म्हटले की गणपती. पेण गावात आणि जवळच्या हमरापूर, जोहे या गावांत मूर्तींचे कारखाने आहेत. सुट्टीत आम्ही मुले तिथे तासन् तास उभे राहायचो. आधी मातीचा नमुना. त्यावरून रबराचा साचा. साच्यात प्लास्टर किंवा शाडू. मग सांधे घासणे, अस्तराचा रंग, अंगाचा रंग आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. आखणीला कारखान्यातला मुरलेला हात लागतो. डोळे उघडेपर्यंत ती वस्तू असते, उघडल्यावर ती मूर्ती होते. रबरी मुखवट्याचीही कृती अशीच आहे. फक्त क्रम थोडा फिरतो. नटाच्या चेहऱ्याचा प्लास्टरमध्ये ठसा घ्यायचा, त्यावर मातीने राक्षस घडवायचा, मातीचा साचा काढायचा, साच्यात रबर ओतायचे आणि मग रंग. माती, साचा, रंग आणि डोळे. देव घडवणारा हात आणि राक्षस घडवणारा हात यांची विद्या एकच आहे. आणि दोघांचे नशीबही बरेचसे एक आहे. पेणचा गणपती देशोदेशी जातो. मूर्तीबरोबर पेणचे नाव जाते, फार तर कारखान्याचे जाते. आखणी कोणी केली हे मूर्तीवर लिहिलेले नसते.

म्हणून तो फाटका अंक मला परका वाटला नाही. ज्याने आखणी केली त्याचे नाव लिहिणारा तो अंक होता. मग साहजिकच प्रश्न पडला : आपल्या पडद्यावरच्या राक्षसांची नोंद कोणी ठेवली?

आपल्याकडे सुरुवात उत्तम झाली होती. हिंदी पडद्यावरचे राक्षस सांगताना आपण सहसा रंगीत चित्रपटांपासून आरंभ करतो. तो १९१९ पासून करायला हवा. त्या वर्षी दादासाहेब फाळके यांचा ‘कालिया मर्दन’ आला. फाळके यांची चिमुकली मुलगी मंदाकिनी त्यात कृष्ण झाली आणि डोहातल्या प्रचंड नागाशी झुंजली. पाण्याखालची ती झुंज ही कॅमेऱ्याची करामत होती. आणि करामत लपवून ठेवण्याचा फाळके यांचा स्वभाव नव्हता. चित्रपटाच्या आरंभी मंदाकिनी साध्या वेशात चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते आणि मग त्या मुलीचा कृष्ण होतो. ही कोण, हे आधी सांगून मग खेळ. त्याआधी १९१७ साली त्यांनी चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा एक लहानसा चित्रपट केला होता. १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात त्यांनी ‘भारतीय चित्रपट’ ही लेखमाला लिहिली. आपण काय केले, कसे केले, पैसे कुठून आणले, घरातल्यांनी काय सोसले, हे त्यांनी मराठीत, मराठी वाचकाला सांगितले. पडद्यामागची गोष्ट छापून ठेवायची ही परंपरा मराठीत अशी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सुरू झाली आहे.

पुढे १९३४ साली प्रभातचा ‘अमृतमंथन’ आला. शांतारामबापूंनी राजगुरूचा एकच डोळा अख्ख्या पडद्यावर आणला आणि प्रेक्षक दचकले. हिंदी आवृत्तीत राजगुरू चंद्रमोहन होते, मराठीत केशवराव दाते. त्या डोळ्याची गोष्ट आजही सांगितली जाते, कारण प्रभात ही प्रतिष्ठित संस्था होती आणि तिच्याविषयी लिहिणे हेही प्रतिष्ठेचे होते. इथेच मेख आहे. नोंद होते ती प्रतिष्ठितांची. राक्षस जसजसा स्वस्त होत गेला, दुय्यम चित्रपटगृहांत आणि जत्रेच्या तंबूत शिरला, तसतशी त्याच्याविषयी लिहिणारी लेखणी मागे सरली.

भीतीची आवड मराठी माणसाला नव्हती असे मुळीच नाही. उलट ती भरपूर होती आणि तिला हक्काची नियतकालिके होती. अनंत अंतरकरांनी ‘हंस’ काढले, ‘मोहिनी’ काढली आणि अद्भुताची, गूढाची गोडी असणाऱ्यांसाठी ‘नवल’ काढले. नारायण धारप, रत्नाकर मतकरी ही नावे त्या पानांतून घराघरांत गेली. ‘धनंजय’सारखे दिवाळी अंक रहस्य आणि भय यांवरच उभे राहिले. आमच्या रोह्याच्या घरी दिवाळी संपून फराळाचे डबे रिकामे झाले तरी ‘नवल’ फिरत असे. या शेजाऱ्याकडून त्या शेजाऱ्याकडे, पाने सुटेपर्यंत. राक्षसपटांच्या चाहत्यांसाठी अमेरिकेत जे नियतकालिक निघाले, त्याचा आपल्याकडचा सर्वांत जवळचा भाऊबंद शोधायचा तर तो ‘नवल’च. पण तो कथेचा भाऊबंद होता. आपले भूत छापील गोष्टीत राहिले. चित्रपटांच्या साप्ताहिकांत आणि मासिकांत मुखपृष्ठावर नायिका असायची, आत नायकाची मुलाखत. गोष्टीतल्या भुताला ‘नवल’ होते, नटनट्यांना चित्रपटांची पाक्षिके-मासिके होती. पडद्यावरचा राक्षस मात्र दोघांच्या मधल्या खिंडीत सापडला. त्याला वाहिलेले नियतकालिक मराठीत रुजले नाही.

याचा परिणाम काय होतो, त्याचे एक उदाहरण सांगतो. १९६६ साली मुंबईत ‘गोगोला’ नावाचा हिंदी चित्रपट आला. दिग्दर्शक बलवंत दवे. भूमिकांत आझाद आणि तबस्सुम. संगीत रॉय-फ्रँक यांचे. नावावरूनच कळते की जपानच्या गोझिलाचे हे मुंबईचे भावंड. समुद्रातून एक अजस्र प्राणी वर येतो आणि मुंबईवर चाल करतो, अशी ही कथा. मुंबईच्या समुद्रातून उठलेला आपला स्वतःचा राक्षस! पण आज तो पाहू म्हटले तर पाहायला मिळत नाही. उरली आहेत ती गाणी, जाहिराती आणि गाण्यांची पुस्तिका.

जुन्या श्रोत्यांना ही पुस्तिका आठवत असेल. चित्रपटगृहाच्या दाराशी काही आण्यांना मिळायची. चार-आठ पानांची, निकृष्ट कागदाची. आत कथेचा सारांश, तोही ‘पुढे काय झाले ते पडद्यावर पाहा’ असे म्हणून अर्धवट सोडलेला. मग गाणी. आणि पहिल्या पानावर नावे : छायाचित्रण, ध्वनी, कला, रंगभूषा. कित्येक जुन्या चित्रपटांच्या बाबतीत ते एक पान हाच शेवटचा पुरावा आहे. रीळ जळते, विरघळते, त्यातली चांदी काढून घ्यायला भंगारात जाते. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने गावोगाव फिरून डबे गोळा केले. फाळके यांच्या चित्रपटांचे तुकडे मिळवून जुळवले ते त्यांनीच. म्हणून ‘कालिया मर्दन’मधला नाग आज आपण पाहू शकतो. फाळके यांच्या नागाला नायर भेटले. गोगोलाला कोणी भेटले नाही.

आता पुन्हा आपल्या मुलखात येऊ. रोह्याहून एसटीने मुरूडला जाता येते. मुरूडला सगळे जातात ते जंजिरा पाहायला. पण गावाबाहेर, समुद्राकडे तोंड करून उंचावर नवाबाचा राजवाडा उभा आहे. कमानी, मनोरे, उंच खिडक्या. ही खासगी मालमत्ता आहे, आत जाता येत नाही. तरीही देशातल्या कोट्यवधी लोकांनी हा राजवाडा पाहिलेला आहे. तो मुरूडचा आहे हे मात्र त्यांना ठाऊक नाही. कारण रामसे बंधूंच्या काही भयपटांत जी शापित हवेली दिसते, ती हीच.

रामसे बंधूंचा उल्लेख झाला की लोक हसतात. हसावे, त्यात गैर काही नाही. पण त्यांची गोष्ट ऐकावी. फाळणीनंतर फतेहचंद रामसिंघानी मुंबईला आले. कराचीत त्यांचे रेडिओचे दुकान होते, मुंबईत लॅमिंग्टन रोडला त्यांनी पुन्हा तोच व्यवसाय मांडला. रेडिओवरून हे सांगताना मला विशेष बरे वाटते. आडनावाचे रामसे झाले आणि ते चित्रपटनिर्मितीत उतरले. त्यांनी १९६३ साली ‘रुस्तम सोहराब’ काढला. मग १९७० साली ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ काढला. हा दुसरा चित्रपट पडला. पण त्यात एक प्रसंग होता. पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून चोरीसाठी संग्रहालयात शिरतात. चित्रपटगृहात बसलेल्या रामसेंच्या मुलांनी पाहिले की बाकी वेळ कंटाळलेले प्रेक्षक त्या प्रसंगाला सावरून बसतात, ओरडतात. मुलांनी वडिलांना सांगितले, आपण नुसता हा प्रसंगच मोठा करून चित्रपट काढू या. त्यातून १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ आला आणि हिंदी भयपटांचा एक कारखानाच सुरू झाला.

आता मुद्द्याची गोष्ट. तो पडलेला ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ दिग्दर्शित कोणी केला होता? विश्राम बेडेकरांनी. होय, ‘रणांगण’ कादंबरीचे लेखक विश्राम बेडेकर. ‘रुस्तम सोहराब’ही त्यांचाच. ‘एक झाड आणि दोन पक्षी’ या त्यांच्या आत्मचरित्राला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९३९ सालच्या ‘रणांगण’वर आपण किती लिहिले! परीक्षेला प्रश्न आले, चर्चासत्रे झाली. परंतु हिंदी राक्षसपटाची ठिणगी ज्या प्रसंगातून पडली, तो प्रसंग एका श्रेष्ठ मराठी लेखकाच्या चित्रपटातला होता, हे साहित्याच्या अभ्यासात येत नाही आणि चित्रपटांच्या गप्पांतही येत नाही. साहित्यवाल्यांना तो चित्रपट हलका वाटला, राक्षसवाल्यांना ती कादंबरी भारी वाटली. दोन्हीकडची वही एकत्र ठेवणारा कोणी असता, तर ही माहिती प्रत्येक मराठी वाचकाच्या ओठांवर असती. चाहत्यांचे नियतकालिक नेमके हेच करते. त्याला हलके-भारी कळत नाही. तेच त्याचे बळ.

१९८४ साली रामसेंचा ‘पुराना मंदिर’ आला आणि जोरात चालला. त्यातला सामरी नावाचा सैतान अनेकांना आठवतो. सामरी झाले होते अनिरुद्ध अगरवाल, रुरकीहून स्थापत्य अभियंता झालेले, सहा फुटांहून बरेच उंच असे गृहस्थ. त्यांचा चेहरा रंगवणारे श्रीनिवास रॉय. दिग्दर्शन तुलसी आणि श्याम या भावांचे, कॅमेरा गंगू या भावाचा, ध्वनी किरण या भावाचा. पुढे व्हीसीआरचे दिवस आले. रोह्यात शनिवारी रात्री वर्गणी काढून व्हीसीआर आणायचा, एका घरात तीस-पस्तीस माणसे, पहिला चित्रपट घरच्यांसाठी सामाजिक आणि म्हातारी माणसे झोपल्यावर दुसरा रामसेंचा. हे दृश्य त्या वर्षांत गावोगावचे आहे. पडद्यावर हवेली आली की कोणीतरी म्हणायचे, अरे, हा तर मुरूडचा वाडा! मग भीती पळून जायची आणि चर्चा सुरू व्हायची : कमानीच्या डावीकडे समुद्र असायला हवा, तो कुठे गेला?

या माणसांवर नीट लिहिले गेले ते बऱ्याच उशिरा. २००६ साली परदेशातल्या एका कंपनीने ‘पुराना मंदिर’ आणि ‘बंद दरवाजा’ या चित्रपटांची डीव्हीडी निगुतीने काढली. कंपनीमागे होते असेच देशोदेशीचे अपरिचित भयपट शोधणारे चाहते. आपल्याकडे शाम्य दासगुप्ता यांचे रामसे बंधूंवरचे इंग्रजी पुस्तक २०१७ साली आले. पुढच्याच वर्षी तुलसी रामसे गेले, २०१९ साली श्याम गेले. पुस्तक दोन-तीन वर्षे लांबते, तर काय काय हातचे गेले असते याचा विचार करावा.

चाहत्यांच्या कागदाचा हिशेब कुठवर पोहोचतो, हेही पाहण्यासारखे आहे. ‘फेमस मॉन्स्टर्स’ वाचत वाढलेल्या अमेरिकन मुलांत स्टीफन किंग हा एक होता. पोरवयात त्याने अ‍ॅकरमनला आपली एक गोष्ट टपालाने पाठवली होती. ती तेव्हा छापली गेली नाही, पण अ‍ॅकरमनने ती टाकूनही दिली नाही, जपून ठेवली. हाच मुलगा पुढे जगातला सर्वाधिक वाचला जाणारा भयकथाकार झाला. त्याच्या कथा नारायण धारपांनी वाचल्या आणि मराठी मातीत आणल्या. किंगच्या एका आजीच्या कथेवरून त्यांनी ‘आजी’ लिहिली. त्या कथेचा धागा धरून राही अनिल बर्वे यांनी ‘तुंबाड’ उभारला. श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीने ओळखीचे केलेले ते कोकणातले नाव २०१८ साली हस्तर नावाच्या राक्षसासह पडद्यावर आले. २०२४ साली तो पुन्हा लागला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. अमेरिकेतल्या एका मुलाच्या टपालापासून कोकणातल्या पावसाने भिजलेल्या वाड्यापर्यंतची ही वाट आहे. या वाटेवरचा प्रत्येक टप्पा आज सांगता येतो, कारण प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी कागद जपून ठेवला होता.

मग आमच्या मुलखातले काय? मुरूडच्या राजवाड्यात चित्रीकरण झाले, तेव्हा दिवे वाहून नेणारी, जनरेटर सांभाळणारी, जेवण रांधणारी, मशाली घेऊन गर्दीत उभी राहणारी माणसे लागली असणारच. अशी माणसे मुंबईहून कोणी आणत नाही, ती जवळच्या गावांतूनच घेतली जातात. पेण-रोह्याच्या आसपास जत्रांत तंबू टाकून चित्रपट दाखवणारे होते. त्यांचे प्रोजेक्टर चालवणारे होते, हाताने फलक रंगवणारे होते, टांग्यातून कर्ण्यावर ओरडत जाहिरात करणारे होते. १९८४ साली पंचविशीत असलेला माणूस आज पासष्टीच्या पुढे आहे. या माणसांच्या आठवणी हेच त्यांचे दफ्तर आहे आणि ते दरवर्षी थोडे थोडे रिकामे होते आहे.

यासाठी संस्था काढायला नको, अनुदान मागायला नको. अ‍ॅकरमनकडे सुरुवातीला काय होते? एक ट्रंक आणि एक वही. आपल्याकडे शाळेतली मुले ‘प्रकल्प’ म्हणून काय काय करतात. पेण, रोहे, मुरूडच्या मुलांनी एका वहीत चार रकाने आखावेत. चित्रपटाचे नाव. साल. तो कुठे पाहिला किंवा कुठे चित्रित झाला. आणि चौथ्या रकान्यात, कोणी काय काम केले. आजोबांना विचारावे, शेजारच्या काकांना विचारावे. माळ्यावरच्या ट्रंकेत गाण्यांची जुनी पुस्तिका सापडली तर ती रद्दीत न घालता पहिल्या पानावरची नावे उतरून घ्यावीत. फलक रंगवणारा कोणी हयात असेल तर त्याला विचारावे की राक्षसाला हिरवा रंग का दिला, लाल का नाही. उत्तर बहुधा असे मिळेल की त्या दिवशी हिरवाच उरला होता. तेही लिहावे. इतिहास त्यानेही बनतो.

आणि वही करायला घेतलीच, तर तिचे दुसरे पान गणपतीच्या कारखान्यांसाठी राखावे. साचा कोणाचा, रंग कोणाचा, आखणी कोणाची. ‘फ्रँकेन्स्टाइन’च्या नामावलीतले प्रश्नचिन्ह मुद्दाम टाकलेले होते आणि चित्रपट संपता संपता त्याचे उत्तर मिळाले. आपल्याकडची प्रश्नचिन्हे कोणी मुद्दाम टाकलेली नाहीत. नाव लिहायचे राहून गेले, इतकेच. जे नाव सांगू शकतात ती माणसे अजून आहेत, तोवर जाऊन विचारलेले बरे.